दादाच्या हृदयाचं वायरिंग

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. दहावीपर्यंत 'एट्रियम' आणि 'व्हेंट्रिकल' घोकलं. त्यांना मराठीत कर्णिका आणि जवनिका म्हणतात हे मला माझ्या लातूरच्या रूममेटनं आत्ता, हा लेख लिहिताना सांगितलं. (ती खूप हसली. मी गपचूप लिहून घेतलं.) तेव्हा मित्रांनो, भाषेच्या चुका पोटात घाला आणि विषयाकडे लक्ष द्या, कारण विषय आपल्या वयाचा आहे.

गेल्या वर्षी गणपतीत मी नाशिकला मावशीकडे गेले होते. आरती रंगात आलेली, झांजा वाजतायत, आणि माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, मध्येच खुर्चीत जाऊन बसला. दादा तेव्हा एकतीस वर्षांचा. कारखान्यात नोकरी, रविवारी क्रिकेट, सिगारेट नाही, दारू नाही. मला म्हणाला, "इकडे ये गं, जरा हात धर." मी त्याच्या मनगटावर बोटं ठेवली आणि दचकलेच. नाडी जोरात होती याचं एवढं काही वाटलं नाही, पण तिला तालच नव्हता! दोन ठोके पटापट, मग गॅप, मग तीन, मग एक हलकासा, मग पुन्हा गॅप. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की पहिले थेंब कसे वाजतात, अगदी तसं. पुढचा थेंब कधी पडेल ते सांगताच येत नाही.

दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरांकडे गेलो. तोवर सगळं शांत झालेलं. ईसीजी नॉर्मल! "तरुण वय आहे, टेन्शन घेऊ नका, चहा कमी करा," असा सल्ला मिळाला. मावशीनं चहा बंद केला आणि दादानं टेन्शन लपवायला सुरुवात केली. डिसेंबरमध्ये नाइट शिफ्टला पुन्हा तसंच झालं. या वेळी त्यानं शहाणपणा केला. थांबायची वाट न बघता तसाच जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेला. ईसीजीची पट्टी निघाली आणि रोगाला नाव मिळालं : एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर लाडानं 'ए-फिब' म्हणतात.

ओरकेस्ट्रा आणि गोंधळ

आपल्या हृदयाला चार खोल्या. वरच्या दोन कर्णिका, खालच्या दोन जवनिका. उजव्या कर्णिकेत वरच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका असतो, सायनस नोड. कीथ आणि फ्लॅक या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तो १९०७ साली दाखवून दिला. हा आपला क्लॉक जनरेटर! विश्रांतीत मिनिटाला साधारण ६० ते १०० पल्स. पल्स कर्णिकांमधून पसरते, मग मधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर अडते आणि खाली जवनिकांना पोचते. म्हणजे आधी वरच्या खोल्या आकुंचन पावतात, मग खालच्या. काय सुंदर सिक्वेन्स आहे! आमच्या डिजिटलच्या सरांनासुद्धा आवडेल.

ए-फिबमध्ये कर्णिकांमध्ये हे एक घड्याळ चालत नाही. तिथे मिनिटाला ३५० ते ६०० या गतीनं विजेचे भोवरे फिरत असतात. कर्णिका आकुंचन पावत नाहीत, नुसत्या थरथरतात. नशीब आपलं की मधला एव्ही नोड फिल्टरसारखा वागतो आणि त्यातले थोडेच ठोके खाली सोडतो. पण कुठले सोडेल ते ठरलेलं नाही, म्हणून तो पत्र्यावरचा पाऊस.

धडधड, दम, थकवा, हा झाला त्रास. खरा धोका वेगळा. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साचून राहतं, विशेषतः डाव्या कर्णिकेला एक पिशवीसारखा कोपरा असतो तिथे. साचलं की गुठळी. गुठळी सुटली आणि मेंदूत गेली की पक्षाघात. ए-फिब असलेल्यांना हा धोका सरासरी पाचपट असतो. मात्र वय, बीपी, डायबिटीस, हार्ट फेल्युअर, आधी झालेला स्ट्रोक अशा गोष्टींचे पॉइंट्स मोजून प्रत्येकाचा धोका वेगळा काढतात. दादाचे पॉइंट्स शून्य. त्यामुळे रक्त पातळ करायची गोळी त्याला जन्मभर लागणार नव्हती. मावशीनं हे ऐकलं आणि पहिल्यांदा पाणी प्यायली.

आधी चोर नक्की कोण ते शोधा

तरुण माणसाला ए-फिब झालं तर डॉक्टर लगेच ऑपरेशनचं नाव काढत नाहीत. आधी चौकशी होते. थायरॉइड वाढलाय का? (साध्या रक्ततपासणीत कळतं.) झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं आहे का? वजन? दारू? दारूचं म्हणाल तर १९७८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 'हॉलिडे हार्ट' असं नावच देऊन ठेवलंय : सुट्टीत, पार्टीत भरपूर पिऊन आलेली माणसं आणि त्यांचे बिघडलेले ठोके. २०२० साली ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला. ए-फिब असलेल्या १४० पिणाऱ्या लोकांपैकी निम्म्यांना दारू सोडायला सांगितली. सहा महिन्यांत दारू सोडणाऱ्या गटात ५३ टक्क्यांना त्रास परत झाला, पिणाऱ्यांत ७३ टक्क्यांना. नुसत्या दारूनं एवढा फरक! (थर्टी-फर्स्टच्या मंडळींनी नोंद घ्यावी. रेक्टर सर हा लेख वाचणार आहेत, म्हणून मी नावं लिहीत नाही.)

अजून एक गंमत. काही तरुणांत मूळ दोष वेगळाच असतो. जन्मापासून हृदयात एक जादा वायर असते, किंवा एव्ही नोडजवळ एक छोटा लूप असतो. त्यातून ठोके पळायला लागतात आणि त्यांचं पुढे ए-फिबमध्ये रूपांतर होतं. अशा वेळी ती जादा वायर तोडली की ए-फिबही जाऊ शकतं. म्हणून तरुण पेशंटमध्ये हे आधी तपासणं फार महत्त्वाचं.

आणि आपल्या देशातली एक गोष्ट तर विसरून चालणारच नाही. लहानपणी घसा दुखतो, त्यातला एक प्रकार स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा. त्याकडे दुर्लक्ष झालं तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाची झडप खराब होते. डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झाली की कर्णिकेवर प्रेशर वाढतं, ती फुगते आणि ऐन तारुण्यात ए-फिब सुरू होतं. भारतात हा प्रकार अजूनही बराच दिसतो. इथे आधी झडपेचा इलाज, फुग्यानं किंवा ऑपरेशननं. रक्त पातळ करायला नवीन गोळ्या चालत नाहीत, जुनी वॉरफरिनच्या जातीची गोळीच बरी, हे २०२२ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पुन्हा सिद्ध झालं. त्यामुळे पुढे मी जे ॲब्लेशन सांगणार आहे ते सरसकट सगळ्यांसाठी नाही. दादाची इको सोनोग्राफी झाली, झडपा ठणठणीत निघाल्या, थायरॉइड नॉर्मल, जादा वायर नाही. मग प्रश्न उरला : गोळ्या की ॲब्लेशन?

बोर्दोची गोष्ट

१९९०च्या दशकापर्यंत समज असा की ए-फिब म्हणजे अख्ख्या कर्णिकेचा गोंधळ. म्हणून १९८७ साली जेम्स कॉक्स या अमेरिकन सर्जननी छाती उघडून कर्णिकेत ठरावीक रेषांवर छेद देऊन पुन्हा शिवायची 'मेझ' म्हणजे भुलभुलैया शस्त्रक्रिया काढली. भोवऱ्यांना फिरायला जागाच ठेवायची नाही! आयडिया भारी, पण त्यासाठी ओपन हार्ट.

मग १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हायसागेर आणि त्यांच्या टीमनं एक साधा प्रश्न विचारला : गोंधळ सुरू कुठून होतो? पुन्हा पुन्हा ए-फिब होणारे ४५ पेशंट घेतले, हृदयात वायरी घातल्या आणि पहिली ठिणगी कुठे पडते ते बघत बसले. एकूण ६९ ठिकाणं सापडली. त्यातली ६५, म्हणजे ९४ टक्के, कर्णिकेत नव्हतीच! ती होती फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार शिरांच्या आत, तोंडापासून २ ते ४ सेंटिमीटरवर. या शिरांत हृदयाच्या स्नायूची बाही शिरलेली असते, शर्टाची बाही मनगटापर्यंत यावी तशी. तिथल्या पेशी अधूनमधून स्वतःच पल्स सोडतात.

आता इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगते. लॅबमध्ये सर्किटला नॉइज येतोय. आपण काय करतो? आधी सर्किट बदलतो, कपॅसिटर लावतो, पार्टनरला शिव्या देतो. आणि शेवटी कळतं की नॉइज बाहेरून, एका केबलमधून येतोय. मग उपाय काय? ती केबल आयसोलेट करा! बोर्दोनं नेमकं हे दाखवलं.

सुरुवातीला डॉक्टर शिरेच्या आत जाऊन ती ठिणगीची जागाच जाळायचे. पण शीर आतून आक्रसायची, नवीनच दुखणं. म्हणून पुढे पद्धत बदलली. ठिणगीला हातच लावायचा नाही, शिरेच्या तोंडाबाहेर कर्णिकेच्या भिंतीवर गोल रिंगण काढायचं. रिंगणातले स्नायू मरतात, तिथे व्रण तयार होतो, आणि व्रणातून वीज जात नाही. आत शीर हवी तेवढी बडबडू दे, बाहेर ऐकू येणार नाही. हॉस्टेलमध्ये शेजारच्या रूमवाल्याचा स्पीकर फोडता येत नाही, पण मधली भिंत साउंडप्रूफ करता येते, तसं!

प्रत्यक्षात करतात काय?

छाती उघडत नाहीत. जांघेतल्या शिरेतून बारीक, वाकणाऱ्या वायरी, म्हणजे कॅथेटर, हृदयापर्यंत नेतात. उजव्या कर्णिकेत पोचल्यावर मधल्या पडद्याला सुईनं छोटं भोक पाडून डाव्या कर्णिकेत जातात. (हे ऐकून मी खुर्चीत सरळ बसले होते.) टेबलाखालून चुंबकीय क्षेत्र सोडतात, कॅथेटरच्या टोकाला सेन्सर असतो, आणि कॉम्प्युटरवर कर्णिकेचा थ्री-डी नकाशा उभा राहतो.

मग रिंगण. त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, उष्णता. कॅथेटरच्या टोकातून साधारण ५०० किलोहर्ट्झचा करंट सोडतात. आजोबांच्या ट्रान्झिस्टरवर मिडियम वेव्ह जिथे सुरू होते त्याच्या जवळपासची ही फ्रिक्वेन्सी! घरातला ५० हर्ट्झचा करंट हृदयातून गेला तर माणूस जाईल. पण ५०० किलोहर्ट्झ इतकं वेगवान असतं की स्नायू आणि नसा त्याला दाद देत नाहीत. उरते फक्त रेझिस्टन्समधून निघणारी उष्णता. फर्स्ट इयरला घोकलेला आय स्क्वेअर आर शेवटी इथे कामी आला. पेशी ५० अंशांच्या वर गेल्या की कायमच्या मरतात. एकेक बिंदू जोडत रिंगण पूर्ण करायचं, अगदी रांगोळीसारखं.

दुसरा, थंडी. शिरेच्या तोंडाशी एक फुगा फुगवून त्यात नायट्रस ऑक्साइडनं शून्याखाली ४०-५० अंश तापमान आणतात. रिंगण एकाच झटक्यात गोठतं.

तिसरा, नवीन. मायक्रोसेकंदांच्या, हजार व्होल्टच्या वरच्या पल्सेस देऊन पेशींच्या आवरणाला भोकं पाडायची. याला पल्स्ड फील्ड म्हणतात. हृदयाच्या स्नायूपेशी याला लवकर बळी पडतात, शेजारची अन्ननलिका आणि नसा बऱ्याच अंशी वाचतात. युरोपात २०२१ साली आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये अशा उपकरणांना परवानगी मिळाली.

मावशीचा प्रश्न

घरी सगळं समजावून झालं. काका गप्प. मावशी म्हणाली, "अरे, चांगलं चालतंय ना गोळीवर? धडधाकट हृदय जाळून कशाला घ्यायचं?"

हा प्रश्न मला वेडगळ वाटला नाही, अजूनही वाटत नाही. कारण धोके आहेतच. साधारण शंभरात एखाद्याच्या हृदयाभोवती रक्त साचतं आणि ते लगेच काढावं लागतं. स्ट्रोक होऊ शकतो, प्रमाण एक टक्क्याहून कमी. थंड फुग्यानं श्वासपटलाची नस काही काळ बधिर होऊ शकते. उष्णतेनं मागच्या अन्ननलिकेला इजा होऊन काही आठवड्यांनी भोक पडू शकतं. हे फार दुर्मिळ, पण झालं तर जिवावर बेततं. म्हणून नंतर महिनाभर गिळताना दुखणं आणि ताप याकडे अजिबात दुर्लक्ष करायचं नाही. खर्च काही लाखांत जातो, तेही घरात बोलायलाच हवं.

मग दुसरी बाजू काय? १९९५ साली हॉलंडमधल्या मास्ट्रिखटला शेळ्यांवर प्रयोग झाला. शेळ्यांच्या कर्णिकेत मुद्दाम ए-फिब चालू ठेवलं. जितकं जास्त चाललं तितकं ते आपोआप टिकायला लागलं. म्हणजे ए-फिबमुळेच ए-फिब वाढतं! येणं-जाणं चालू आहे तोवर आयसोलेट करणं सोपं. एकदा कर्णिकेची भिंत बदलली की नुसत्या शिरा बंद करून भागत नाही. एकतिसाव्या वर्षी सुरू झालेल्या माणसापुढे अजून चाळीस-पन्नास वर्षं असतात, हा हिशोब म्हणून महत्त्वाचा. आणि गोळ्याही काही साखरेच्या नाहीत. अमिओडॅरोनसारखी तगडी गोळी वर्षानुवर्षं घेतली तर थायरॉइड आणि फुप्फुसांवर परिणाम होऊ शकतो.

कॅनडातला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ३०३ पेशंट, आधी गोळ्या न दिलेले. निम्म्यांना थेट थंड फुग्याचं ॲब्लेशन, निम्म्यांना गोळ्या. सगळ्यांच्या छातीच्या कातडीखाली रेकॉर्डर बसवलेला, ३० सेकंदांची गडबडसुद्धा पकडणारा. वर्षभरात ॲब्लेशनवाल्यांत ४२.९ टक्क्यांना काहीतरी परत दिसलं, गोळीवाल्यांत ६७.८ टक्क्यांना. प्रत्यक्ष त्रास जाणवला तो ११ विरुद्ध २६.२ टक्क्यांना. तीन वर्षांनी, ए-फिब चिवट होऊन बसलेले ॲब्लेशन गटात १.९ टक्के, गोळी गटात ७.४. आता प्रामाणिकपणे दोन गोष्टी सांगते. एक, या पेशंटचं सरासरी वय साठीच्या आसपास होतं, तिशीच्या आत नव्हे. आणि दोन, ४२.९ हा आकडा पुन्हा वाचा. 'एकदा केलं की विषय संपला' असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. रिंगणात एक बारीक फट राहिली किंवा नंतर भरून आली की वीज पुन्हा गळते. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं.

तरीही २०२३ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी नियमावलीत बदल केला. येऊनजाऊन होणारं, त्रासदायक ए-फिब असलेल्या निवडक पेशंटना, मुख्यतः वयानं तरुण आणि बाकी आजार कमी असलेल्यांना, ॲब्लेशन हा पहिला उपचार म्हणून देणं योग्य, असं त्यात म्हटलंय. आयुष्य वाढवायचं वचन कुणी दिलेलं नाही. वचन आहे ते कमी झटक्यांचं.

दादानं मावशीला एवढंच सांगितलं, "आई, मला मशीनसमोर उभं राहताना भीती वाटते. ती घालवायचीय." मावशी उठून आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली आणि म्हणाली, "तारीख कधीची मिळेल ते विचार."

आणि नंतर?

मार्चमध्ये पुण्यात झालं. भूल देऊन, साधारण तीन तास. दुसऱ्या दिवशी जांघेत काळंनिळं आणि तोंडावर हसू. रक्त पातळ करायची गोळी मात्र दोन-तीन महिने चुकवायची नाही, पॉइंट्स शून्य असले तरी, कारण ताज्या व्रणावर गुठळी होऊ शकते.

पाचव्या आठवड्यात रात्री अकरा वाजता माझा मोबाइल वाजला. "अगं, पाऊस पुन्हा पडतोय." माझी दुसऱ्या दिवशी ओरल होती. मी कॉरिडॉरमध्ये बसून रडले. फुकट गेलं सगळं, असंच वाटलं. पण डॉक्टर शांत होते. पहिले दोन-तीन महिने हिशोबात धरत नाहीत, म्हणाले. भाजलेली जागा सुजलेली असते, ती स्वतःच पल्स सोडते. सूज उतरली की बघू. तसंच झालं. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही नाही.

पण एक गोष्ट मला कुठल्याही पुस्तकात सापडली नाही. दादा अजूनही जेवताना हळूच मनगटावर बोटं ठेवतो. अमेरिकन टेनिसपटू मार्डी फिशची गोष्ट मी त्याला सांगितली. २०१२ च्या मे महिन्यात, तिशीत, बिघडलेल्या ठोक्यांसाठी त्याचं ॲब्लेशन झालं. हृदय सुधारलं, पण भीती मनात घर करून बसली. त्याच वर्षी यूएस ओपनमध्ये फेडररविरुद्धच्या मॅचला तो उतरू शकला नाही. पुढे त्यानं उपचार घेतले, त्याबद्दल उघडपणे बोलला, आणि २०१५ मध्ये त्याच स्पर्धेत शेवटचं खेळून निवृत्त झाला. दादा ऐकून म्हणाला, "म्हणजे मी एकटाच येडा नाही." मग आम्ही दोघं हसलो.

जाता जाता एक प्रॅक्टिकल

साहित्य : दोन बोटं, घड्याळ. कृती : अंगठ्याच्या खालच्या बाजूला मनगटावर बोटं ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. श्वासाबरोबर ताल थोडा मागेपुढे होतो, ते नॉर्मल. पण तालच सापडत नसेल, धडधड आणि दम असेल, तर 'सबमिशनचं टेन्शन' म्हणून झोपू नका. ते चालू असतानाच ईसीजी काढून घ्या. थांबल्यावर काढलेला ईसीजी काही सांगत नाही, हे आम्ही चार महिने घालवून शिकलो. आणि चक्कर, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं यातलं काही असेल तर रूममेटनं विचार करत बसू नये, सरळ वॉर्डनना उठवावं आणि १०८ ला फोन करावा. रात्रीचे तीन वाजले असतील तरी.

रविवारी दादा परत क्रिकेट खेळायला जायला लागलाय. मावशी बाल्कनीत उभी राहून बघते आणि बघत नाही असं दाखवते. चहा मात्र पुन्हा सुरू झालाय.

— तृतीय वर्ष, ई अँड टीसी, मुलींचं वसतिगृह